उन्हाळी शिबिराकडून नेमकं काय हवंय, हे फी भरण्याआधी ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कांदिवलीत राहता, दोघंही नोकरी करता, मुलगा आता चौथीत जाईल. गेल्या मे महिन्यात त्याला १५ दिवसांच्या शिबिरात घातलं, ९,५०० रुपये भरले. रोबोटिक्स, वैदिक गणित, पब्लिक स्पीकिंग, क्राफ्ट, डान्स असं सगळं होतं. शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम झकास झाला आणि तुम्ही अभिप्रायाच्या फॉर्मवर पाचपैकी पाच दिले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याला त्यातलं काही आठवेना. मिस्टर म्हणाले, पैसे पाण्यात गेले. यंदा सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा गावी देवगडला पाठवा. तुम्ही विचारता की चांगलं शिबिर ओळखायचं कसं, आणि मुलाने काहीतरी शिकून यावं असं वाटणंच चूक आहे का.

मी आधी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आता बरीच वर्षं पार्ल्यात उन्हाळी शिबिरं घेते. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूने सांगतेय, हे लक्षात ठेवून वाचा.

तुमची अपेक्षा चूक नाही. पण ती एक अपेक्षा नाही, तीन-चार आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. तुम्ही दोघं कामावर असताना मुलगा सुरक्षित हातात असावा. त्याचा वेळ मजेत जावा, घरी मोबाइल घेऊन लोळत पडू नये. काही नवीन शिकावं. आणि आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना दाखवता येईल असं काहीतरी हाती लागावं. या चारही अपेक्षा रास्त आहेत. शेवटची सांगायला पालकांना संकोच वाटतो, पण आपल्या मुलाचं कौतुक व्हावं असं कुणाला वाटत नाही? अडचण एवढीच की एकच शिबिर हे सगळं सारख्याच ताकदीने करू शकत नाही, आणि फी भरताना आपल्याला यातलं सगळ्यात जास्त काय हवंय हे घरातसुद्धा कुणी बोलत नाही. तुमच्या मिस्टरांच्या मनात शिकणं होतं. शिबिराने दिला तो मजेत गेलेला वेळ आणि कौतुकाचा कार्यक्रम. तुम्ही आणि शिबिरवाले, दोघांनी आपापलं काम प्रामाणिकपणे केलं, तरी नाराजी उरली.

ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली हेच मांडलं होतं. माणूस समाधानी आहे की नाही हे फक्त मिळालेल्या गोष्टीवर ठरत नाही, आधी काय धरून चालला होता आणि त्याच्या तुलनेत काय मिळालं, यावर ठरतं. माझ्याकडे हे दर मे महिन्यात दिसतं. एकाच गटातल्या दोन मुलांच्या आया, एक आनंदात आणि दुसरी नाराज, आणि दोघींची मुलं मात्र सारखीच रमलेली.

तुम्ही दिलेले पाचपैकी पाच खोटे नव्हते. तो फॉर्म भरताना मुलगा नुकताच स्टेजवरून उतरला होता, हातात सर्टिफिकेट होतं, फोटो निघत होते. त्या क्षणी तुम्ही त्याच्या आनंदाला गुण दिलेत. शिकणं मोजायला तो दिवस निरुपयोगी आहे. शिबिरवाल्यांनाही हे ठाऊक असतं. सगळे पालक एकत्र सापडतात म्हणून फॉर्म त्या दिवशी भरून घेतात, आणि उत्तरं चांगली येतात म्हणूनही. मी तोच फॉर्म जूनअखेर, शाळा रुळल्यावर पुन्हा पाठवते. तेव्हा येणारी उत्तरं छोटी असतात, पण कामाची. ‘रोज रात्री पुस्तक मागतो.’ ‘समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाशी जमलेली मैत्री टिकली.’ ‘खरं सांगायचं तर काही फरक दिसला नाही.’ पुढच्या वर्षीचं नियोजन मी या फॉर्मवरून करते. तुम्ही चौकशी कराल तिथे जुन्या पालकांचे अभिप्राय दाखवले, तर ते कधी लिहून घेतले हे नक्की विचारा.

आता तुमच्या १५ दिवसांचा हिशोब मांडू. रोज अडीच तास धरले तर साडेसदतीस तास होतात. हजेरी, प्रार्थना, डबा, पाणी, हात धुणं यात रोज अर्धा तास जातो, उरले तीस. शेवटचे चार दिवस कार्यक्रमाच्या तालमी, म्हणजे आणखी आठ तास गेले. राहिले बावीस. ते पाच विषयांत वाटले की रोबोटिक्सच्या वाट्याला चार-साडेचार तास येतात. एका किटभोवती चार मुलं असली, तर तुमच्या मुलाचा हात प्रत्यक्ष त्या किटला तासभर लागला असेल. तासाभरात मुलगा काय शिकेल आणि वर्षभर काय लक्षात ठेवेल? यात त्याचा दोष नाही, आणि शिकवणाऱ्या मुलींचाही बहुधा नाही. माहितीपत्रकात जितके विषय जास्त, तितका प्रत्येक विषय पातळ. तरी पालकांना लांबलचक यादीच पैसे वसूल झाल्यासारखी वाटते, म्हणून यादी लांबत जाते.

त्या शेवटच्या कार्यक्रमाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. पुढच्या वर्षीची नोंदणी त्या दोन तासांवर ठरते, हे आयोजकाला पक्कं माहीत असतं. त्यामुळे दहा दिवसांच्या शिबिरात सहाव्या दिवसापासून सगळ्यांचं चित्त तालमीत. मातीकामाचा तास कापून डान्स बसवला जातो. चुणचुणीत मुलं पहिल्या रांगेत येतात, आणि ज्या मुलाला खरं तर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो बुजरा मुलगा मागे पाटी धरून उभा राहतो. क्राफ्टची वस्तू घरी नीट जायला हवी म्हणून ताईच कडा कापतात, ताईच चिकटवतात. पालकांना ती सुबक वस्तू आवडते. मला वेडंवाकडं चिकटवलेलं, पण पोराने स्वतः केलेलं घर जास्त मोलाचं वाटतं.

आमच्याकडे शेवटच्या दिवशी कार्यक्रम नसतो. पालकांनी शेवटचा तासभर येऊन बसायचं आणि मुलं रोज जे करतात तेच करतात. कुणी वाचतंय, कुणी दोरीची गाठ मारतंय, कुणी भांडतंय. काही पालकांना हे आवडत नाही आणि ते पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. तो तोटा मी स्वीकारलाय.

नाटकाचं शिबिर याला अपवाद. तिथे प्रयोग हेच शिकणं असतं. मुंबईत सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्य गांभीर्याने केलं, तेव्हापासूनची ही चांगली परंपरा आहे. पण तिथेही एक बघा. सगळ्या मुलांना बोलायला वाक्यं मिळतात का, की चौघं बोलतात आणि बाकीची झाडं होतात?

दोन-तीन आठवड्यांत खरोखर काय शिकता येतं? माझ्या अनुभवात, जिथे चूक-बरोबर शिक्षकाने सांगावं लागत नाही, ती गोष्ट स्वतःच सांगते, अशा गोष्टी थोड्या दिवसांत चांगल्या लागतात. पोहणं घ्या. अंग सैल सोडलं तर पाणी उचलतं, ताठ झालात तर बुडवतं. मुलाला दर मिनिटाला उत्तर मिळत असतं. मुंबई महापालिका गेल्या काही वर्षांपासून उन्हाळ्यात आपल्या तलावांवर २१ दिवसांचे पोहण्याचे वर्ग घेते. तेवढ्यात मुलगा पट्टीचा पोहणारा होणार नाही, पण पाण्याची भीती जाऊन तरंगायला लागणं बहुतेक मुलांना जमतं, आणि ते आयुष्यभर विसरत नाही. मल्लखांबाचंही तसंच. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात, १९२५ सालच्या त्या संस्थेत, मे महिन्यात खांबाला चिकटलेली लहान लहान पोरं पाहा. पकड सुटली की खाली येतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. सायकल, स्वयंपाकातली साधी कामं, शिवणकाम, झाडं लावणं, पक्षी ओळखणं हे सगळं याच जातीचं.

बुद्धिबळाच्या सोंगट्या कशा चालतात हे दहा दिवसांत येईल, खेळ येणार नाही. तबला, चित्रकला, कोडिंग यांची या काळात फक्त ओळख होते. ओळख हा हेतू असेल तर छान, पण मग जुलैपासून पुढे कोण शिकवणार हे आधी ठरवा, नाहीतर ती ओळख तिथेच राहते. वैदिक गणिताच्या चार युक्त्या पाढे पक्के असलेल्या मुलाला गंमत म्हणून ठीक. ज्याचे पाढे कच्चे आहेत त्याचा त्याने गोंधळच वाढतो. आणि ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ दोन आठवड्यांत होते असं म्हणणाऱ्यांकडे मी माझी मुलं पाठवली नसती.

सुट्टीत मुलं सगळं विसरतात, या भीतीचा जाहिरातींत फार वापर होतो, म्हणून त्यावर दोन शब्द. या भीतीला आधार आहे, पण तो अमेरिकेतला. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात उन्हाळी सुट्टीनंतर मुलांचे चाचण्यांमधले गुण सरासरी महिन्याभराच्या शिकण्याइतके मागे गेलेले दिसले, आणि ही घट वाचनापेक्षा गणितात जास्त होती. त्यानंतरच्या काही संशोधकांनी या मोजमापांवर शंकाही घेतल्या आहेत. शिवाय तिकडची सुट्टी अडीच-तीन महिन्यांची असते. आपल्याकडे स्टेट बोर्डाची मुलं साधारण मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे दीड महिना घरी असतात. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष तर बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. तेव्हा घाबरून शिबिरात घालायचं कारण नाही. तिसरी-चौथीतल्या मुलाने रोज वीस मिनिटं आवडीचं काही वाचलं, आणि भाजीवाल्याकडचा हिशोब, दूध मोजणं, ट्रेनचं वेळापत्रक बघून ‘आपण किती वाजता पोचू’ असं घरातलं गणित त्याच्यावर सोपवलं, तर खूप झालं. वाचनासाठी जवळचं वाचनालय शोधा. मुलालाच पुस्तक निवडू द्या, मग त्याने सलग पाच भुताची पुस्तकं आणली तरी चालेल.

तुम्ही दोघं कामावर असता, हे तुम्ही प्रश्नात अगदी शेवटी, जणू अपराधी वाटल्यासारखं लिहिलंय. ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मूल दिवसभर सांभाळलं जावं ही गरज खरी आहे, त्यात कमीपणा नाही. पण मग हेही बघा की सकाळी दहा ते साडेबाराचं शिबिर ही गरज भागवत नाही. उलट त्याला सोडायचं कोणी, आणायचं कोणी, दुपारी जेवायला कोण वाढणार, हे नवे प्रश्न उभे करतं. सासूबाई घरी आहेत म्हणून तुमचं निभावतं. नसत्या, तर मी विषयांची यादी न बघता पूर्ण दिवसाचं चांगलं पाळणाघर किंवा दिवसभराचं शिबिर बघायला सांगितलं असतं, जिथे दुपारी मुलांना झोपायची, नुसतं पडून राहायची मुभा आहे.

अंतराचंही तसंच. कांदिवलीहून मे महिन्यात आठ वर्षांच्या मुलाला लोकलने दादरला नेणं-आणणं दहाव्या दिवशी सगळ्यांना नको होतं. घराजवळचं साधारण शिबिर मी लांबच्या नावाजलेल्या शिबिरापेक्षा वर ठेवीन. जवळच्या शिबिरात जुळलेली मैत्री वर्षभर टिकू शकते, हा आणखी एक फायदा.

जिथे तडजोड नाही, ते सुरक्षिततेचं. फोनवर विचारू नका, जाऊन बघा, आणि शक्य असेल तर चालू शिबिरात जा. एका ताईमागे किती मुलं आहेत? आठ-नऊ वर्षांच्या गटात दहा-बाराच्या वर मुलं असतील तर मला काळजी वाटते. स्वच्छतागृहात मुलांसोबत कोण जातं? मुलाला न्यायला कोण येणार हे लिहून घेतात का, आणि दुसरंच कुणी आलं तर काय करतात? शिकवणाऱ्यांची आणि व्हॅनवाल्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का? मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. शिबिराच्या लोकांना त्याची माहिती आहे का, आणि तक्रार आली तर ते कुणाकडे जाणार, हे विचारा. हा प्रश्न ऐकून जो आयोजक दुखावतो, तिथून उठून या. चांगला आयोजक सरळ उत्तर देतो. मैदानी शिबिर असेल तर उन्हाची वेळ बघा. मुंबईत पारा ३३-३४ असला तरी दमटपणामुळे मुलं पटकन गळून जातात, म्हणून साडेनऊ-दहानंतर मोकळ्या मैदानात खेळवणारं शिबिर मला पटत नाही.

शिकण्याबद्दल आयोजकाला दोनच प्रश्न पुरतात. शेवटच्या दिवसाची तयारी कधीपासून सुरू होते? आणि माझा मुलगा एखाद्या गोष्टीत रमला नाही तर त्या वेळात तो काय करतो? दुसऱ्या प्रश्नावर ‘सगळीच मुलं रमतात हो’ असं उत्तर आलं, तर त्यांनी मुलांकडे नीट पाहिलेलं नाही. सगळी मुलं कधीच रमत नाहीत.

मुलाचं मतही घ्या, पण ‘मजा आली का?’ असं विचारून नाही. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘आज कुणाशी भांडलास?’, ‘कुठला तास लवकर संपावा असं वाटलं?’, ‘घरी परत करून बघावंसं काय वाटतंय?’ असं विचारलंत तर खरं कळेल. घरी येऊन आपणहून परत करून बघतो, ती गोष्ट त्याने घेतली. हे तीन-चार आठवड्यांनी बघा आणि तुमचे पाचपैकी गुण तेव्हा ठरवा. गेल्या वर्षीचं काही आठवत नाही म्हणता, तरी एकदा विचारून बघा की तिथल्या कुणा मुलाचं नाव त्याच्या लक्षात आहे का. एखादा मित्र लक्षात असेल, तर सगळेच पैसे पाण्यात गेले नाहीत.

देवगडचा पर्याय मी शिबिरापेक्षा खालचा मानत नाही, पण तो एका गोष्टीवर अवलंबून आहे. त्याच दिवसांत त्याच्या वयाची आते-मामे-चुलत भावंडं तिथे येणार आहेत का? येणार असतील तर डोळे झाकून पाठवा. विहिरीचं पाणी काढणं, आंब्याच्या पेट्या भरताना मोठ्यांच्या हाताखाली काम करणं, दुपारभर पत्ते कुटणं, यातून तो जे शिकेल ते मी पार्ल्यात बसून शिकवू शकत नाही. पण कोकणातली कितीतरी घरं आता वर्षभर बंद असतात. वाडीत सोबतीला पोरंच नसतील, तर मोठी माणसं आपापल्या कामात आणि हा मोबाइलवर, असं होऊ शकतं. भावंडांना फोन करून तारखा जुळवा आणि मगच तिकिटं काढा. मे महिन्याची कोकण रेल्वेची तिकिटं फार लवकर संपतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी तुमच्या जागी असते तर यंदा असं केलं असतं. भावंडं जमत असतील तर दोन-तीन आठवडे देवगड. उरलेल्या दिवसांत एकच गोष्ट, पाच नाही. तुमच्याकडे कांदिवली पश्चिमेला महापालिकेचा सरदार वल्लभभाई पटेल जलतरण तलाव आहे, म्हणून पोहण्याकडे माझा कल आहे. २१ दिवस सलग राहणार असाल तरच मात्र त्यात पडा, मध्ये गावाला जायचं असेल तर अर्धवट राहतं. पाणी आवडत नसेल, तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान जवळ आहे, गोरेगावात बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं, निसर्ग शिक्षण केंद्र आहे. तिथे मुलांसाठी अधूनमधून उपक्रम असतात, चौकशी करा. आणि एखाद्या शनिवारी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्याला स्वतःच्या वेगाने फिरू द्या. एकाच यंत्रापाशी तासभर थांबला तर ओढून पुढे नेऊ नका.

फी भरण्याच्या आदल्या रात्री मिस्टरांसोबत बसून एक वाक्य ठरवा: यंदा आपल्याला या शिबिरातून सगळ्यात जास्त काय हवंय. ते वाक्य आयोजकाला जसंच्या तसं सांगा. मला असं सांगणारे पालक फार थोडे भेटतात, आणि त्यांच्या मुलासाठी काय करायचं हे मला पहिल्या दिवसापासून स्पष्ट असतं. पोहण्याचं ठरलं तर नोंदणी कधी उघडते, वयाची अट काय आणि डॉक्टरांचा दाखला लागतो का, हे एप्रिलमध्येच तलावावर जाऊन विचारून ठेवा. मे उजाडेपर्यंत थांबलात तर सोयीच्या वेळेची बॅच मिळणं कठीण जातं.